दुसऱ्या विश्वातल्या मुलाला फोन लागेल का?

माझी भाची अकरावीत आहे, चोडणला राहते, आणि गेले दोन महिने ती एक कथा लिहितेय. मुलगी आपल्या गोव्यातली, मुलगा समांतर विश्वातल्या गोव्यातला, ती त्याला भेटायला जाते आणि दर खेपेला तिचा परतीचा रस्ता थोडा थोडा बुजत जातो. परवा रायबंदरला फेरीबोटीत चढलो आणि तिने विचारलंच, मावशी, हे सायन्समध्ये बसतं का गं?

बसतं, पण तिला वाटतं तिथे नाही.

१९५७ साली ह्यू एव्हरेट नावाच्या तरुणाने प्रिन्स्टनमध्ये पीएचडीसाठी एक धाडसी गोष्ट मांडली. इलेक्ट्रॉनसमोर दोन फटी ठेवल्या की क्वांटमच्या, म्हणजे अगदी सूक्ष्म कणांच्या, गणितात तो दोन्ही वाटांनी जातो, पण आपण बघायला गेलो की एकच वाट सापडते, मग दुसरीचं काय झालं? एव्हरेट म्हणाला, काही झालं नाही, तीही आहेच, फक्त ती बघणारी तू वेगळी आहेस, दुसऱ्या विश्वातली. हे सिद्ध झालेलं नाही, शास्त्रज्ञ अजून भांडतात यावर. तेव्हा तर फारसं कुणी मनावरच घेतलं नाही, एव्हरेट संशोधन सोडून संरक्षण खात्याच्या कामाला लागला आणि १९८२ मध्ये ५१ वर्षांचा असताना गेला. मला हे वाचून दर वेळी वाईट वाटतं.

पण ही दोन विश्वं एकमेकांना भेटत का नाहीत? मधे भिंत नाहीये. मी तिला म्हटलं, समज वाड्यावर दोघांचं काहीतरी जमलंय आणि ते फक्त त्या दोघांनाच माहीत आहे, तोवर सगळं मागे घेता येतं, जणू काही झालंच नाही. पण एका काकूने बघितलं, तिने पोदेराला सांगितलं, पोदेराने पाव देता देता घरोघरी सांगितलं, की मग ते मागे घ्यायला प्रत्येकाच्या डोक्यातून ती बातमी पुसावी लागेल. कणांचंही तसंच. हवेचा एक रेणू आपटला, प्रकाशाचा एक कण उडाला, की मूळ कण कुठल्या वाटेने गेला ही बातमी फुटली, आणि दोन वाटा कायमच्या वेगळ्या झाल्या. याला डिकोहेरन्स म्हणतात.

आणि हे नुसतं बोलणं नाही, करून बघितलंय. व्हिएन्नात १९९९ साली ६० कार्बन अणूंचा फुटबॉलसारखा रेणू निर्वात नळीतून सोडला तर तोही दोन वाटांनी गेल्यासारखा वागला, दोन्ही वाटा एकमेकींत मिसळल्याची खूण असलेले पट्टे उमटले. मग २००४ मध्ये तिथेच ७० अणूंचा रेणू आधी लेझरने तापवून सोडला. तापलेला रेणू जाता जाता स्वतःच प्रकाश टाकतो, म्हणजे आपली वाट आपणच सांगून टाकतो, आणि जसजसं तापमान वाढवलं तसतसे पट्टे पुसट होत नाहीसे झाले. मला तर हा प्रयोग कुठल्याही प्रेमकथेपेक्षा जास्त लागतो.

मुलगी तर अब्जावधी अब्ज अब्ज अणूंची, उबदार, श्वास घेणारी, तिची बातमी क्षणात फुटणार.

"जाऊ दे, ती जाणार नाही. पण निदान फोन?"

याचंही उत्तर आहे! १९८९ मध्ये स्टीव्हन वाइनबर्ग या भौतिकशास्त्रज्ञाने क्वांटमच्या समीकरणात थोडा बदल करून बघितला. १९९१ मध्ये जोसेफ पोल्चिन्स्की या दुसऱ्या भौतिकशास्त्रज्ञाने दाखवलं की तसा बदल खरा असेल तर एकतर प्रकाशापेक्षा वेगाने निरोप जातील, नाहीतर एका शाखेतून दुसऱ्या शाखेत, म्हणजे एका विश्वातून दुसऱ्या विश्वात, बोलता येईल, आणि त्याला त्याने नाव दिलं एव्हरेट फोन. प्रयोगांत मात्र तो बदल अजून कुठेच सापडलेला नाही, खूप बारकाईने शोधूनही.

चोडणचा धक्का येईपर्यंत ती गप्प होती. रात्री तिने नवीन पान पाठवलं. त्यात दरवाजा नाही, राक्षस नाही. दोघं एका काळोख्या थंडगार जागी आहेत जिथे हवासुद्धा नाही, एकमेकांच्या अगदी जवळ, आणि मुलाचे हात हळूहळू गरम होत चाललेत.