बिअरने पोटात खळबळ होते ती नक्की कशामुळे? थोडी पार्श्वभूमी

बिअर प्यायली की कुणाला जळजळ होते, कुणाला कडकडून भूक लागते, कुणाला सकाळी दोनदा जावं लागतं, आणि कारण विचारलं तर सगळे एकच सांगतात, अल्कोहोल. ते पूर्ण चूक नाही, पण मागचा इतिहास वाचला की कळतं, बरीचशी करामत अल्कोहोल सोडून बिअरमध्ये जे उरतं त्याची आहे, आणि हे शोधायला लोकांना फार वेळ लागला.

जिवंत माणसाच्या जठरात डोकावायची पहिली मोठी संधी मिळाली ती एका अपघातामुळे. 1822 मध्ये अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला पोटात गोळी लागली, तो वाचला पण जठराला पडलेलं भोक बुजलंच नाही, आणि विल्यम ब्यूमाँट या लष्करी डॉक्टरने त्याच भोकातून वर्षानुवर्षं प्रयोग केले (त्या बिचाऱ्याच्या मनाचा विचार कितपत केला हा वेगळाच विषय). 1833 च्या पुस्तकात ब्यूमाँटने लिहिलं की काही दिवस सलग दारू घेतली की जठराचं अस्तर लाल होतं, सुजतं. पण स्पिरिट (व्हिस्कीसारखी कडक दारू), वाइन, बिअर सगळं त्याने एकाच माळेत ओवलं.

ही माळ तुटली 1987 मध्ये. जर्मनीत मानफ्रेड झिंगर आणि सहकाऱ्यांनी माणसांवर मोजून पाहिलं तर बिअर आणि वाइनने जठरातलं अ‍ॅसिड जोरात वाढलं, व्हिस्की-कोन्याकने वाढलंच नाही, आणि नुसतं पाण्यात मिसळलेलं अल्कोहोल हलकं असेल तर थोडं वाढवतं पण कडक केलं की तोही परिणाम जातो. म्हणजे दोषी अल्कोहोल असतं तर व्हिस्कीने सगळ्यात जास्त अ‍ॅसिड यायला हवं होतं ना! मग 1991 मध्ये त्यांनी बिअरचे घटक सुटे करून पाहिले. साधं ग्लुकोज यीस्टने आंबवून दिलं तरी अ‍ॅसिड वाढलं, म्हणजे जे काही आहे ते आंबवताना तयार होतंय. 1999 मध्ये नावंही मिळाली, सक्सिनिक आणि मॅलेइक अ‍ॅसिड. डिस्टिल करताना, म्हणजे वाफ करून ती पुन्हा थंड करताना, ही दोन्ही मागे राहतात, म्हणून व्हिस्कीत येत नाहीत. मला हा सगळा शोध फार आवडतो, कारण प्रत्येक पायरीवर प्रश्न साधा होता आणि उत्तर स्वच्छ मिळालं.

हॉप्सचं, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचं, मात्र इतकं स्वच्छ नाही. 2012 मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी दाखवलं की हॉप्समधली कडू आम्लंही जठराच्या पेशींना अ‍ॅसिड सोडायला लावतात, पण ते प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर, माणसाच्या पोटात नाही, त्यामुळे त्यावरून लगेच "कडू बिअर पचनाला चांगली" असं फॉरवर्ड करू नये.

आता आतड्यांच्या हालचालीकडे. आतडी हलतात ती मुख्यतः अ‍ॅसिटिलकोलीनच्या इशाऱ्यावर, हे मज्जातंतूंतून सुटणारं रसायन, आणि त्याचा इशारा स्नायूंवरचे मस्कॅरिनिक रिसेप्टर (पेशीवरचे संदेश पकडणारे रेणू) पकडतात. 2003 मध्ये जपानी संशोधकांनी बिअरमधले अल्कोहोल नसलेले घटक उंदरांना दिले तर जठर लवकर रिकामं झालं, आणि ते याच रिसेप्टरमार्फत. पण जर्मनीत माणसांना घट्ट जेवणासोबत बिअर दिली तेव्हा जठर उलट हळू रिकामं झालं. मला वाटतं दोन्ही खरं असू शकतं, कारण ग्लासात अल्कोहोलही असतं आणि ते जेवण अडवून धरतं, शिवाय उंदराचं पोट म्हणजे आपलं पोट नव्हे.

सकाळच्या पळापळीत मात्र अल्कोहोलचा वाटा मोठा आहे. जास्त प्यायलं की लहान आतडं पाणी आणि मीठ नीट शोषत नाही, अन्न थांबवून धरणाऱ्या लाटा कमी होतात आणि सगळं पुढे ढकललं जातं. जळजळीचं तसं नाही, आधी आंबवून नंतर अल्कोहोल काढलेल्या बिअरमध्येही आंबवताना तयार झालेली ती दोन आम्लं शिल्लक असतात, त्यामुळे झिरो अल्कोहोल घेऊनही कुणाची छाती जळली तर तो मनाचा खेळ समजायचं कारण नाही.