तापानंतरची धाप आणि नाडीचं गणित

पावसाळ्यात डेंग्यू, चिकनगुनिया किंवा साधा फ्लू येऊन गेला की कोकणातल्या दवाखान्यांत एक तक्रार हमखास ऐकू येते. ताप उतरला, रिपोर्ट चांगले आले, पेजेवरून माणूस जेवणावर आला, पण पाखाडी, म्हणजे चढावरची पायऱ्यांची वाट, चढताना अर्ध्यावर टेकावं लागतं. छाती धडधडते, आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही. घरची मंडळी म्हणतात, "जरा चलाक जा गो, बरा वाटतला." चालण्याचा हा सल्ला फक्त घरचा नाही, वैद्यकातही तो बरीच वर्षं चालत आला आहे.

अमेरिकी यादवी युद्धातल्या सैनिकांची अशीच धडधड डॉक्टर जेकब दा कोस्टा यांनी १८७१ मध्ये नोंदवली. त्यातल्या बऱ्याच जणांना आधी ताप किंवा हगवण होऊन गेली होती. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश डॉक्टर थॉमस लुईस यांनी अशा सैनिकांना टप्प्याटप्प्याने वाढत जाणारी कवायत दिली.

श्रमाची नाडी मोजायला पायरी वापरण्याची कल्पनाही जुनी. डॉक्टर आर्थर मास्टर यांनी १९२९ मध्ये नऊ इंची दोन पायऱ्यांची चाचणी मांडली. पुढे १९४३ मध्ये हार्वर्डच्या चाचणीत पायरी वीस इंचांची झाली. आपल्या पाखाडीच्या जांभ्याच्या पायऱ्या एकसारख्या कधीच नसतात, तरी तत्त्व तेच: चढा, थांबा, नाडी किती लवकर खाली येते ते बघा. २२० मधून वय वजा करून नाडी जास्तीत जास्त किती जाईल ते काढण्याचा हिशेब १९७१ च्या सुमाराचा. चाळिशीच्या माणसाला तो १८० देतो, पण ही ढोबळ रेघ आहे. खरा आकडा दहा-बारा ठोक्यांनी सहज इकडेतिकडे होतो, हे घड्याळात नाडी बघणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

व्यायामाच्या सल्ल्याला भक्कम आधार मिळाला तो १९६६ च्या अमेरिकेतल्या डॅलसमधल्या प्रयोगाने. पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं, आणि त्यांची श्रम करण्याची ताकद झपाट्याने घसरली. पडून राहिल्याने नाडी वाढते हे खरंच आहे. चूक झाली ती पुढे: सगळा थकवा पडून राहिल्याचाच, असं धरून चालण्यात.

लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात १९५५ मध्ये दोनशेहून जास्त कर्मचारी आजारी पडले. पुढे ज्याला दीर्घ थकव्याचा आजार म्हटलं गेलं, त्यातलाच हा प्रकार. १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुने कागद चाळून तो सामूहिक उन्मादाचा प्रकार ठरवला. आजारी पडलेल्यांत परिचारिका बऱ्याच होत्या. बायांच्या थकव्याला नाटक म्हणणं तिकडेही सोपं होतं म्हणायचं. २०११ च्या एका ब्रिटिश चाचणीने या आजारात वाढत्या व्यायामाची बाजू घेतली, त्यावर बरीच वादावादी झाली. २०१५ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने श्रमानंतर लक्षणं बळावणं ही या दीर्घ थकव्याच्या आजाराची मुख्य खूण मानली. ही वाढ बरेचदा बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी येते, म्हणून दवाखान्यात त्या क्षणी काही दिसत नाही. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या नाइस संस्थेने ठरावीक वेगाने वाढवत नेण्याच्या व्यायामाची शिफारस या आजारासाठी काढून टाकली.

तोवर कोविड आला होता. त्यानंतर ज्यांचा त्रास रेंगाळला अशा रुग्णांत दोन उलट गोष्टी दिसल्या. काही जण नुसते उभे राहिले तरी त्यांचं हृदय दहा मिनिटांत तीस ठोक्यांनी जास्त धावतं. काहींचं चढावर वाढायला हवं तितकं वाढतच नाही, आणि मग धाप लागते. दोघांना एकच सल्ला देऊन भागत नाही.

भाताची लावणी किंवा रापणीची मासेमारी ज्याच्या हातावर आहे, त्याला महिनाभर निवांत बस म्हणणं सोपं नाही. म्हणून आता डॉक्टर "काल किती केलं" याबरोबर "आज कसं वाटतं" हेही विचारतात, आणि काम त्या हिशेबाने तोडून करायला सांगतात. त्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि ईसीजी बघून घेतात. छातीत दुखत असेल किंवा भोवळ येत असेल तर हृदयाच्या स्नायूला सूज नाही ना, याची खात्री होईपर्यंत श्रम बंद.