युद्धकलांच्या सरावाचा गणवेश : रंग आणि अर्थ

ज्युदो, कराटे, तायक्वांदो, ऐकिदो, केंदो, व्होविनाम, सांबो इत्यादी युद्धकलांच्या सरावात आणि स्पर्धेत घालायचा ठरावीक पोशाख. सैलसर जॅकेट, पायजमा आणि कमरेचा पट्टा हे त्याचे सर्वांत परिचित रूप. जपानी कलांत त्याला ‘केइकोगी’ किंवा नुसते ‘गी’, कोरियन कलांत ‘दोबोक’ आणि व्हिएतनामी कलांत ‘व्हो फुक’ म्हणतात. पोशाख पांढरा, निळा की काळा, आणि पट्ट्याचा रंग काय सांगतो, याची उत्तरे प्रत्येक कलेत निराळी आहेत. पांढरा म्हणजे निरागसता, काळा म्हणजे परिपक्वता असे जे अर्थ वर्गात शिकवले जातात ते बहुतेक मागाहून जोडलेले आहेत. रंग आधी ठरले ते हाताशी असलेले कापड, ज्येष्ठ-कनिष्ठ ओळखण्याची सोय आणि पंचांना लढत नीट दिसण्याची गरज यांवरून. हे ध्यानात ठेवले की एकाच रंगाचे परस्परविरोधी अर्थ पाहून गोंधळ उडत नाही.

पांढरा गणवेश

आजच्या गणवेशाचे मूळ ज्युदोत आहे. जिगोरो कानो (1860–1938) यांनी 1882 मध्ये तोक्योतील एइशोजी मंदिरात कोदोकान ही संस्था सुरू केली. सुरुवातीच्या विद्यार्थ्यांची जॅकेटे आखूड बाह्यांची आणि विजारी गुडघ्यापाशीच संपणाऱ्या होत्या. 1907 च्या सुमारास बाह्या आणि पायजमा लांबवण्यात आला. पकडायला जास्त कापड मिळाले आणि कोपर-गुडघे सोलवटणेही कमी झाले. कापड होते जाड सुती, न रंगवलेले. म्हणजे शुभ्र नव्हे, किंचित पिवळसर झाक असलेले. पांढरेपणाचे पहिले कारण इतके साधे आहे.

ज्युदोचे जॅकेट हातात घेतले की त्याची रचना कशासाठी आहे ते लगेच कळते. खांदे, छाती आणि बाह्यांवरची वीण जाड, तांदळाच्या दाण्यांसारखी उठावदार असते, कारण प्रतिस्पर्धी तिथेच ओढतो. कमरेखालचा भाग तुलनेने पातळ, तिरक्या चौकटींच्या विणीचा असतो. गळपट्टी अनेक थर शिवून इतकी टणक केलेली असते की मुठीत धरूनही ती सहज चुरगळत नाही. जॅकेटची डावी बाजू उजवीवर येते, पुरुषांचीही आणि स्त्रियांचीही. उजवी बाजू वर घेणे जपानमध्ये फक्त मृतदेहाला कपडे नेसवताना चालते, म्हणून नवशिक्याची ही चूक शिक्षक ताबडतोब दुरुस्त करतात.

कराटेने हा पोशाख ज्युदोकडून घेतला. कराटेचे मूळ असलेल्या ओकिनावा बेटावर त्याचा सराव रोजच्या कपड्यांत किंवा अर्ध्या उघड्या अंगाने होई. तिथले कराटे शिक्षक गिचिन फुनाकोशी 1922 मध्ये तोक्योला आले, त्यांनी कोदोकानमध्ये प्रात्यक्षिक दाखवले आणि पुढे ज्युदोच्याच धर्तीवरचा, पण हलक्या कापडाचा पोशाख कराटेत रूढ झाला. कराटेत ठोसे आणि लाथा प्रधान, पकड गौण. त्यामुळे जाड वीण लागत नाही. 1924 मध्ये फुनाकोशींनी आपल्या विद्यार्थ्यांना पहिल्या ‘दान’ (काळ्या पट्ट्यापासून पुढच्या श्रेणींच्या) पदव्या दिल्या आणि काळा पट्टाही कराटेत आला. कोरियातील तायक्वांदोचा पोशाख सुरुवातीला याच वळणाचा होता. पुढे समोरून उघडणारे जॅकेट जाऊन डोक्यातून घालायचा, इंग्रजी ‘व्ही’ आकाराच्या गळ्याचा दोबोक आला. पांढरे कपडे वापरणारे लोक ही कोरियन समाजाची स्वतःची जुनी ओळख असल्याने तिथे पांढऱ्या रंगाला वेगळे समर्थनही मिळाले.

पांढऱ्याला जोडलेले इतर अर्थ खोटे आहेत असे मात्र नाही. जपानच्या शिंतो धर्मपरंपरेत पांढरा हा शुद्धतेचा रंग आहे. सगळ्यांचा पोशाख सारखा असला की श्रीमंत-गरीब, अधिकारी-कारकून हा भेद सरावाच्या चटईबाहेर राहतो, ही कल्पनाही शिक्षक मनापासून मानतात. आणि पांढऱ्यावर घाम, माती, रक्त लपत नाही. त्यामुळे पोशाख प्रत्येक सरावानंतर धुवावाच लागतो. चटईवर अंगाला अंग घासून पसरणारे त्वचारोग पाहता ही शिस्त फार मोलाची आहे.

निळा, काळा आणि इतर रंग

केंदोचे जॅकेट आणि हाकामा (घड्यांची रुंद विजार) सहसा गडद नीळ रंगाचे असतात. नैसर्गिक निळीने रंगवलेले कापड टिकाऊ मानले जाते आणि त्यावर घामाचे डाग कमी दिसतात. नवा पोशाख पहिल्या काही सरावांत रंग सोडतो. मनगटे, मान आणि बोटांची पेरे निळसर होतात. म्हणून वापरण्याआधी तो थंड पाण्यात, बऱ्याचदा मीठ किंवा व्हिनेगर घालून भिजवतात आणि सावलीत वाळवतात. वर्षानुवर्षे वापरून फिकट झालेली नीळ ही अनुभवाची खूण ठरते, आणि ती कोणत्याही परीक्षेत मिळत नाही. केंदोत पदव्या आहेत, पण त्या दाखवणारा रंगीत पट्टा नाही.

ऐकिदोत पांढऱ्या जॅकेटवर काळा किंवा गडद निळा हाकामा घालतात. संस्थापक मोरिहेइ उएशिबा (1883–1969) यांचा आग्रह सर्वांनी हाकामा घालावा असा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर कापडाची टंचाई झाली, तेव्हा नवशिक्यांना सूट मिळाली आणि पुष्कळ ठिकाणी हाकामा ही वरिष्ठांची खूण होऊन बसली. टंचाईतून आलेली सवलत पुढे मानाची पायरी झाली, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

इंडोनेशियातील पेंचाक सिलाटचा गणवेश काळा असतो. व्हिएतनाममध्ये 1938 साली सुरू झालेल्या व्होविनामचा निळा, तर रशियन सांबोचे जॅकेट लाल किंवा निळे असून त्याखाली आखूड चड्डी असते. ब्राझीलमधील कापोएराच्या अंगोला शाखेचे गुरू मेस्त्रे पास्तिन्या यांच्या शिष्यांचा पोशाख पिवळा आणि काळा होता. हे रंग आले इपिरांगा या फुटबॉल क्लबकडून, जो पास्तिन्यांचा आवडता संघ. रंगामागे प्रत्येक वेळी तत्त्वज्ञान शोधणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

पट्ट्यांचे रंग

कानोंनी 1883 मध्ये शिरो साइगो आणि त्सुनेजिरो तोमिता या दोघांना पहिल्या ‘दान’ पदव्या दिल्या. त्याच दशकात वरिष्ठांनी काळा पट्टा बांधण्याची पद्धत पडली. हेतू व्यावहारिक होता : कोण शिकाऊ आणि कोण जाणता ते लांबून दिसावे. मधले रंग बऱ्याच नंतरचे आणि मुख्यतः युरोपातले आहेत. लंडनच्या बुदोक्वाय संस्थेत 1920 च्या दशकात आणि पॅरिसमध्ये मिकिनोसुके कावाइशी यांच्या वर्गात 1930 च्या दशकात रंगीत पट्टे रुळले. काळ्या पट्ट्यापर्यंतची वाट अनेक वर्षांची. मधले टप्पे डोळ्यांना दिसले तर विद्यार्थी टिकतो, हा अनुभव यामागे होता.

जुन्या काळी पट्टा धूत नसत, पांढरा पट्टा मळत मळत पिवळा, तपकिरी आणि शेवटी काळा झाला, अशी एक कथा जगभरच्या वर्गांत सांगितली जाते. चिकाटीची शिकवण म्हणून ती प्रभावी असली तरी इतिहास म्हणून टिकत नाही. काळा पट्टा आला तेव्हा मधले रंग अस्तित्वातच नव्हते, आणि तो काळाच रंगवलेला होता. मुलांना ही कथा सांगायची तर कथा म्हणूनच सांगावी.

रंगांचा अर्थ सर्वांत नेटकेपणाने लिहून ठेवला तो तायक्वांदोने. चोई होंग ही यांनी 1966 मध्ये स्थापन केलेल्या आंतरराष्ट्रीय तायक्वांदो महासंघाच्या मांडणीत पांढरा म्हणजे काहीच न शिकलेल्याची निरागसता. पिवळा म्हणजे रोप जिथे मूळ धरते ती माती. हिरवा म्हणजे रोपाची वाढ. निळा म्हणजे झाड ज्याच्याकडे झेपावते ते आकाश. लाल म्हणजे धोका, विद्यार्थ्याला संयमाचा आणि प्रतिस्पर्ध्याला दूर राहण्याचा इशारा. काळा हा पांढऱ्याच्या विरुद्ध टोकाचा, अंधार आणि भीती यांचा परिणाम न होणाऱ्या परिपक्वतेचा. ‘वर्ल्ड तायक्वांदो’ या दुसऱ्या महासंघाच्या पद्धतीत काळा पट्टा मिळवलेल्यांच्या दोबोकचा गळाही काळा असतो. पंधरा वर्षांखालील मुलांना त्याऐवजी ‘पूम’ पदवी मिळते. त्यांचा पट्टा आणि गळा लाल-काळा असतो.

ही मांडणी सुसंगत आहे, पण ती सार्वत्रिक समजणे चुकीचे ठरेल. क्योकुशिन कराटेत निळा पट्टा नारिंगीनंतर, म्हणजे सुरुवातीलाच येतो आणि पिवळा त्याच्याही पुढे. ब्राझिलियन जिउ-जित्सूत प्रौढांसाठी पांढऱ्यानंतर थेट निळा, मग जांभळा, तपकिरी आणि काळा. तिथला निळा पट्टा मिळायलाच सहसा वर्षे लागतात. तायक्वांदोत लाल काळ्याच्या अलीकडे आहे, तर कोदोकान ज्युदोत तो काळ्याच्या कितीतरी पुढे : सहाव्या ते आठव्या दानासाठी लाल-पांढऱ्या तुकड्यांचा पट्टा, नवव्या आणि दहाव्यासाठी पूर्ण लाल.

पांढऱ्याची स्थिती तर याहून रोचक आहे. व्होविनामची चढण निळा, पिवळा, लाल अशी जाते आणि पांढरा पट्टा सर्वोच्च गुरूचा असतो. सुमोच्या सरावात खालच्या श्रेणीचे मल्ल काळे सुती कमरवस्त्र नेसतात, वरच्या दोन श्रेणींतले पांढरे. कापोएराचे मेस्त्रे बिंबा शिष्यांना पदवी म्हणून रेशमी रुमाल देत. त्यांत उत्तीर्ण झालेल्याचा रुमाल निळा आणि गुरुपदाचा पांढरा होता. ज्युदोत पहिल्या दिवशी मिळणारा रंग इथे शिखरावर आहे.

स्पर्धेतील रंग

स्पर्धेत रंगाचे काम बदलते. तिथे त्याने दोन खेळाडू वेगळे दाखवायचे असतात. जपानी स्पर्धांत लाल आणि पांढरा या बाजू रूढ आहेत. त्यांचा संबंध 1180 ते 1185 या काळातल्या गेन्पेइ युद्धाशी जोडतात, ज्यात ताइरा घराण्याचे निशाण लाल आणि मिनामोतो घराण्याचे पांढरे होते. आजच्या आंतरराष्ट्रीय कराटेत एकाचा पट्टा लाल, दुसऱ्याचा निळा. त्या वेळी पट्टा पदवी सांगत नाही. तायक्वांदोत हेच रंग छातीच्या संरक्षक कवचावर येतात.

ज्युदोतला निळा पोशाख मात्र मोठ्या वादानंतर आला. 1964 च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये खुल्या गटाचे सुवर्णपदक जिंकणारे डच खेळाडू आन्तोन खेसिंक यांनी 1980 च्या दशकात त्याचा पाठपुरावा केला. दोघेही पांढऱ्यात असले की जमिनीवरच्या गुंत्यात हात कोणाचा आणि पाय कोणाचा हे पंचांना आणि दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांना कळत नाही, हा त्यांचा मुद्दा. जपानचा विरोध परंपरेच्या नावाने होता. शिवाय प्रत्येक खेळाडूला दोन पोशाखांचा खर्च पडणार होता. आंतरराष्ट्रीय महासंघाने 1997 मध्ये निळ्याला मान्यता दिली आणि ऑलिंपिकमध्ये तो प्रथम 2000 साली सिडनीत दिसला. जपानमधील देशांतर्गत स्पर्धांत दोन्ही खेळाडू पांढऱ्यात उतरण्याची आणि एकाने वेगळ्या रंगाचा पट्टा लावण्याची रीत टिकून आहे.

रंगाने निकाल बदलतो का, हा प्रश्न संशोधकांनीही तपासला आहे. रसेल हिल आणि रॉबर्ट बार्टन यांनी 2005 मध्ये 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमधील मुष्टियुद्ध, तायक्वांदो आणि कुस्तीच्या लढती पाहिल्या; लाल रंग मिळालेले खेळाडू सुमारे 55 टक्के लढती जिंकले होते. 2008 मध्ये जर्मन संशोधकांनी तायक्वांदोच्या 42 अनुभवी पंचांना चित्रफिती दाखवल्या आणि मग त्याच फितींतील रंग संगणकावर उलटवले. हालचाली त्याच असूनही लाल खेळाडूला सरासरी 13 टक्के जास्त गुण मिळाले. यातून संशयाची सुई खेळाडूच्या मनाइतकीच पंचांच्या नजरेकडेही वळते. ज्युदोत निळ्याला फायदा होतो असा दावा 2005 मध्ये झाला होता, पण पेटर डाइकस्ट्रा आणि पॉल प्रीनेन यांनी 2008 मध्ये बऱ्याच जास्त लढती तपासल्या, तेव्हा तसा फायदा आढळला नाही.

ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धांत पांढरा, ठळक निळा (रॉयल ब्लू) आणि काळा एवढेच गणवेश चालतात. जॅकेट एका रंगाचे आणि पायजमा दुसऱ्या असे चालत नाही. गीशिवायच्या गटात पट्टा नसतोच. तिथे पदवीचा रंग अंगाला घट्ट बसणाऱ्या शर्टावर गेला असून नियमानुसार शर्टाचा किमान 10 टक्के भाग त्या रंगाचा असावा लागतो.