पार्श्वभूमी : नेपाळचा राजा, भूतानचा राजा आणि एक अवघड शब्द

नेपाळची पाचशे रुपयांची एक नोट आहे, राजेशाही जाता जाता छापलेली. पूर्वी जिथे राजाचं चित्र असायचं तिथे एव्हरेस्ट आलं. पण नोटेचा कागद आधीच तयार होऊन आला होता आणि त्याच्या जलचिन्हात राजाचा चेहरा होता. कागद फेकून देणं परवडणारं नव्हतं. मग त्या मोकळ्या जागेवर गुरांसाचं लाल फूल छापून टाकलं. नोट उजेडाकडे धरली की फुलाआडून नेपाळचे शेवटचे राजे ज्ञानेंद्र दिसतात.

९ मार्च २०२५ रोजी हेच ज्ञानेंद्र पोखऱ्याहून काठमांडूत उतरले, तेव्हा विमानतळाबाहेर हजारोंचा जमाव होता. घोषणा होती ‘राजा आऊ, देश बचाऊ’. याच शहरानं २००६ च्या एप्रिलमध्ये एकोणीस दिवस रस्त्यावर उतरून ‘ज्ञाने चोर, देश छोड’ म्हटलं होतं. दोन्ही घोषणा मराठी कानाला अर्थ न विचारता समजतात. त्या ऐकून आपल्याकडे बऱ्याच जणांनी निष्कर्ष काढला की लोकांना पश्चात्ताप झाला. काहींनी त्याच्यापुढे जाऊन ‘नेपाळी माणूस मुळातच राजनिष्ठ’ असंही लिहिलं. शेजारी देशाचा स्वभाव एका वाक्यात सांगायची आपल्याला हौस फार. बहादूर म्हटलं की निष्ठा, भूतान म्हटलं की समाधान.

राजनिष्ठेची ही कथा वाटते तितकी जुनी नाही. पृथ्वीनारायण शाहांनी १७६८ मध्ये काठमांडू घेतलं. आपल्या राज्याला ते ‘असल हिंदुस्थान’ म्हणत, आणि दोन दगडांमधला तरुळ, म्हणजे दोन बलाढ्यांमध्ये दबून वाढणारा कंद, ही उपमाही त्यांचीच. पण १८४६ च्या कोत हत्याकांडानंतर, म्हणजे दरबारातल्या कत्तलीनंतर, पुढची १०४ वर्षं सत्ता राणांची, म्हणजे वंशपरंपरेनं पंतप्रधान होणाऱ्या घराण्याची होती. त्यांच्या नावामागे तीन श्री लागत, राजाच्या नावामागे पाच. पाच श्रींचा धनी वाड्यात जवळपास नजरकैदेत असे आणि तीन श्रींचा माणूस राज्य हाकत असे. छत्रपती आणि पेशवे यांचं नातं ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला याहून जास्त सांगायला नको. (१८५७ नंतर नानासाहेब पेशव्यांचं कुटुंब आश्रयाला गेलं तेही याच राणांच्या दारात.) सामान्य रयतेचा राजाशी संबंध यायचा तो विष्णूचा अवतार म्हणून, लांबून.

१९५० च्या नोव्हेंबरात राजा त्रिभुवन भारतीय दूतावासात शिरले आणि तिथून दिल्लीला आले. राणांनी मागे राहिलेल्या तीन वर्षांच्या नातवाला सिंहासनावर बसवलं. तो नातू म्हणजे ज्ञानेंद्र. एकाच माणसाचा दोनदा राज्याभिषेक झाला आणि दोन्ही वेळा लोकांचा धनी दुसराच होता. १९५१ मध्ये त्रिभुवन परतले ते लोकशाही आणणारा राजा म्हणून. राजा लोकांच्या बाजूचा, ही प्रतिमा खरं म्हणजे तिथून सुरू होते.

पण आज रस्त्यावर जे बोललं जातं त्याचा पाया घातला त्रिभुवनांचे पुत्र आणि पुढचे राजे महेंद्र यांनी. डिसेंबर १९६० मध्ये त्यांनी निवडून आलेलं सरकार बरखास्त केलं, पक्षांवर बंदी घातली आणि पंचायत व्यवस्था, म्हणजे पक्षांविना राजाच्या हाताखालचा कारभार, आणली. ‘एउटै राजा, एउटै देश, एउटै भाषा, एउटै भेष’ हे त्या काळाचं सूत्र. भेष म्हणजे दौरा-सुरुवाल आणि डोक्यावर टोपी. तराईतल्या धोतरवाल्याला, पहाडातल्या मगर-गुरुंग-तामांगाला, नेवारी बोलणाऱ्या काठमांडूच्या जुन्या रहिवाशाला, सगळ्यांना एकाच साच्यातून नेपाळी व्हायचं होतं. शाळेची पुस्तकं, रेडिओ नेपाळ, सरकारी कचेरी, सगळीकडे तो साचा. आम्ही कधी कुणाचे गुलाम नव्हतो, दक्षिणेकडच्या शेजाऱ्यापासून सावध राहा, आणि या दोन्हींचा राखणदार राजा. नेपाळात याला महेंद्रीय राष्ट्रवाद म्हणतात. राजा गेला तरी हा राष्ट्रवाद गेला नाही. २०२० मध्ये भारताशी वाद असलेला लिपुलेख-लिंपियाधुराचा भाग आपला दाखवणारा नवा नकाशा काढताना कम्युनिस्ट पंतप्रधानांच्या तोंडी तीच भाषा होती.

महेंद्रांच्याच १९६२ च्या राज्यघटनेत नेपाळ पहिल्यांदा ‘राजतंत्रात्मक हिंदू राज्य’ झाला. इथून पुढे ज्या शब्दाचा गुंता आहे त्यावर जरा थांबायला हवं, कारण आपल्याकडच्या बातम्यांत तो हमखास चुकतो.

आज मागणी होते ती ‘हिंदू राष्ट्र’ पुन्हा घोषित करण्याची. आता १९६२ आणि १९९० या दोन्ही घटना उघडून बघा. १९६२ ची म्हणते ‘राज्य’, १९९० ची म्हणते ‘अधिराज्य’. ‘राष्ट्र’ या शब्दाची व्याख्या दोन्हींत वेगळ्या कलमात आहे आणि ती म्हणते की धर्म, वंश, जात काहीही असो, सगळे नेपाळी मिळून राष्ट्र होतात. म्हणजे कागदावर राज्य हिंदू होतं, राष्ट्र नव्हतं. शिवाय राज्याला हिंदू म्हणायचा खुंटा राजात रोवलेला होता: राजा हा पृथ्वीनारायण शाहांचा वंशज, आर्य संस्कृतीचा आणि हिंदू धर्म पाळणारा असला पाहिजे अशी अट होती. १९९० मध्ये जनआंदोलनानं पंचायत पाडली, राजा घटनात्मक झाला, देश बहुजातीय आणि बहुभाषिक म्हटला गेला, पण त्याच वाक्यात ‘हिंदू’ आणि ‘राजतंत्रात्मक’ हे शब्द शेजारी शेजारी राहिले. जनजाती आणि बौद्ध संघटनांनी तेव्हाच मोर्चे काढून विरोध केला होता. तो कुणी फारसा मनावर घेतला नाही.

मग १८ मे २००६. आंदोलनानं परत मिळवलेल्या संसदेनं एक घोषणापत्र मंजूर केलं. ‘श्री ५ को सरकार’चं नेपाळ सरकार झालं, शाही सेनेची नेपाळी सेना झाली, राजाची स्तुती करणारं राष्ट्रगीत जायचं ठरलं आणि नेपाळ धर्मनिरपेक्ष झाला. रस्त्यावरच्या मुख्य घोषणा राजाच्या हुकूमशाहीविरुद्ध होत्या, धर्माविषयी त्यांत जवळजवळ काही नव्हतं. माओवाद्यांची, जनजातींची मागणी जुनी होती हे खरं, तरीही एवढा मोठा शब्द चर्चेशिवाय एका दुपारी आत आला. जनमत घेतलं नाही. राजेशाहीवरही नाही. २८ मे २००८ ला संविधान सभेच्या पहिल्याच बैठकीत ५६० विरुद्ध ४ मतांनी प्रजासत्ताक झालं. विरोधातली चारही मतं एकाच छोट्या राजावादी पक्षाची. निवडून आलेल्या सभेनं घेतलेला निर्णय होता, त्यात बेकायदा काही नाही. पण ‘आम्हाला विचारलं कुठे?’ हा प्रश्न तेव्हापासून जो शिल्लक राहिला तो राजावाद्यांनी आजवर जपून वापरला आहे. नेपाळात जनमताची आठवण एकच आहे, १९८० ची. पंचायत की बहुपक्ष, यात पंचायतीला ५५ टक्क्यांच्या आसपास मतं पडली होती.

गंमत पुढे आहे. २०१५ च्या घटनेत ‘धर्मनिरपेक्ष’ शब्द ठेवला, पण त्याच कलमाखाली स्पष्टीकरण जोडलं. मूळ नेपाळीच वाचा, भाषांतराची गरज नाही: धर्मनिरपेक्ष म्हणजे ‘सनातनदेखि चलिआएको धर्म संस्कृतिको संरक्षण लगायत धार्मिक, सांस्कृतिक स्वतन्त्रता’. ‘देखि’ म्हणजे पासून. सनातन काळापासून चालत आलेल्या धर्माचं रक्षण. इंग्रजी वाचणाऱ्याला यात निरुपद्रवी ‘फार पूर्वीपासून’ दिसतं. ‘सनातन’ ऐकल्यावर मराठी माणसाला काय ऐकू येतं ते लिहायची गरज नाही, आणि मसुदा करणाऱ्यांना दोन्ही अर्थ चांगले ठाऊक होते. गाय राष्ट्रीय प्राणी राहिली, धर्मांतर करवणं गुन्हा राहिला. इंद्रजात्रेला कुमारीकडून, म्हणजे जिवंत देवी मानलेल्या लहान मुलीकडून, टिळा पूर्वी राजा घ्यायचा, आता राष्ट्रपती घेतात. २००८ मध्येच माओवादी अर्थमंत्र्यांनी त्या जात्रेतल्या बळीचा खर्च बंद करून पाहिला, काठमांडूत जाळपोळ झाली, काही दिवसांत पैसे परत सुरू झाले. तेव्हा नेपाळ धर्मनिरपेक्ष आहे की नाही यावर भांडताना आधी कुठल्या अर्थानं ते विचारावं लागतं. राजा परत यावा म्हणणारे अनेक जण खरं तर या शब्दाशी भांडत असतात. राजा त्यांना वाटेत मिळतो.

पण लोकांचं मन राजावरून उडालं ते शब्दांमुळे नव्हे. १ जून २००१ च्या शुक्रवारी रात्री नारायणहिटी राजवाड्यात ज्ञानेंद्रांचे थोरले भाऊ राजा वीरेंद्र, राणी ऐश्वर्या आणि राजघराण्यातली माणसं गोळ्यांनी मारली गेली. युवराजावर ठपका आला. तो बेशुद्धावस्थेत तीन दिवस राजा होता. चौकशी अहवाल कुणाला पटला नाही, आजही पटत नाही. ४ जूनला ज्ञानेंद्रांचा रथ निघाला तेव्हा रस्त्यावर मुंडण केलेली तरुण मुलं गप्प उभी होती. अकराव्या दिवशी ‘काटो’ झाला: एका ब्राह्मणाला मृत राजाचे कपडे घातले, जेवू घातलं, सजवलेल्या हत्तीवर बसवलं आणि तो बागमती ओलांडून खोऱ्याबाहेर निघून गेला. मेलेल्या राजाचं पाप तो घेऊन जातो, परत यायचं नाही. आपल्याकडेही अकराव्याच्या दानाला ब्राह्मण सहज मिळत नाही, त्याचंच हे राजेशाही रूप. शाह घराण्याला गोरखनाथानं दहा पिढ्यांचीच मुदत दिली होती, ही गोष्ट त्या आठवड्यात घरोघरी पुन्हा सांगितली गेली. अवतार असा मरत नाही. पुढे १ फेब्रुवारी २००५ ला ज्ञानेंद्रांनी सत्ता हातात घेतली आणि देशभरचे फोन बंद केले, तेव्हा उरलीसुरली भीडही गेली.

पूर्वेला याच वर्षांत नेमकं उलटं चाललं होतं. भूतानचं राजघराणं १९०७ चं. भिक्षू आणि सरदारांनी पुनाख्यात एकत्र येऊन पहिला राजा निवडला. चौथ्या राजानं डिसेंबर २००५ मध्ये स्वतः जाहीर केलं की निवडणुका होतील आणि मी पायउतार होईन. लोक नको म्हणाले. मतदान म्हणजे काय ते शिकवायला २००७ मध्ये लुटुपुटूची निवडणूक घेतली. चार खोटे पक्ष, चार रंग. पिवळा रंग परंपरेचा आणि राजाचाही. ४७ पैकी ४६ जागा पिवळ्याला. मार्च २००८ ला खरी निवडणूक, नोव्हेंबरात पाचव्या राजाचा अभिषेक, आणि या दोन्हींच्या मध्ये मे महिन्यात काठमांडूत राजेशाही संपली. घटनेत राजाला ६५ व्या वर्षी निवृत्ती आहे आणि संसदेला जनमतासह त्याला हटवण्याची तरतूदही.

समाधानी, शांत, राजावर प्रेम करणारे भूतानी. हे चित्र खोटं नाही, पण त्यात कोण नाही ते बघावं. भूताननंही ऐंशीच्या दशकात ‘एक राष्ट्र, एक लोक’ म्हटलं: घो आणि किरा, म्हणजे पुरुषांचा आणि बायकांचा पारंपरिक पोशाख, सगळ्यांनी घालायचे, शाळेतून नेपाळी भाषा बाद. १९८५ च्या नागरिकत्व कायद्यानं १९५८ सालचा पुरावा मागितला. १९८८ ची जनगणना, १९९० ची निदर्शनं, आणि मग दक्षिणेतले एक लाखाच्या आसपास नेपाळीभाषक लोक, ल्होत्शंपा, देशाबाहेर. ते नेपाळातल्या झापा आणि मोरंगच्या छावण्यांत वर्षानुवर्षं राहिले, २००७ पासून बहुतेक अमेरिकेत गेले. महेंद्रांचा साचा आणि हा साचा यांत मला तरी फरक दिसत नाही, फक्त कापड वेगळं. पण राजाच्या लोकप्रियतेविषयी बोलताना निघून गेलेल्यांचं मत कुणी धरत नाही.

भूतानच्या राजवटीला नेपाळीभाषकांची जी धास्ती वाटत होती तिच्यामागे सिक्किम होतं. तिथल्या चोग्यालविरुद्ध, म्हणजे राजाविरुद्ध, १४ एप्रिल १९७५ ला जनमत झालं: राजेशाही संपवून भारतात यावं या बाजूनं ५९,६३७, विरोधात १,४९६. बहुसंख्य मतदार नेपाळीभाषक. त्या मतदानाच्या घाईविषयी, भारतीय फौजेच्या उपस्थितीविषयी पुष्कळ बोललं गेलं आहे. शेजारच्या राजानं त्यातून धडा मात्र एकच घेतला.

नेपाळात राजावाद्यांचा हिशोब मतपेटीत कधी जुळला नाही. २००८ मध्ये ४ जागा, २०१३ मध्ये २४, २०१७ मध्ये १, २०२२ मध्ये १४. २८ मार्च २०२५ च्या काठमांडूतल्या तिनकुनेच्या मोर्चात हिंसाचार झाला, दोघं गेले, त्यातला एक वार्तांकन करणारा कॅमेरामन. गर्दी ओसरली. सप्टेंबरात समाजमाध्यमांवरच्या बंदीनं ठिणगी पडली, सत्तरहून अधिक माणसं मेली, संसद आणि सरकारी कचेऱ्यांचा सिंहदरबार जळाले, पंतप्रधानांनी राजीनामा दिला. ज्ञानेंद्रांना बोलवा असं काहींनी तेव्हाही म्हटलं, पण शपथ घेतली ती माजी सरन्यायाधीशांनी, राष्ट्रपतींसमोर. सिंहदरबाराच्या फाटकावर त्या दिवशी झेंडा लटकत होता तो ना राजाचा, ना कुठल्या पक्षाचा. एका जपानी कार्टूनमधला, कवटीवर गवती टोपी असलेला.