दहा दिवसांचे मिशन: अल्पकालीन परदेश दौऱ्यामागचा इतिहास

विल्यम केरी जून १७९३ मध्ये इंग्लंडहून निघाले आणि नोव्हेंबरमध्ये बंगालमध्ये उतरले. पाच महिने जहाजावर गेले. १८३४ मध्ये सेरामपूरला देह ठेवीपर्यंत ते एकदाही मायदेशी परतले नाहीत. अडोनिराम जडसन १८१२ मध्ये अमेरिकेहून निघाले आणि ब्रह्मदेशात राहिले. मायदेशाचे पुन्हा दर्शन झाले ते १८४५ मध्ये, तेहतीस वर्षांनी. त्या काळी मिशनरी म्हणून जाणे म्हणजे घरच्यांचा जवळपास कायमचा निरोप घेणे होते. आज मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, 'मिशन ट्रिप (सुवार्तेसाठी किंवा सेवेसाठी परदेश दौरा), दहा दिवस, नावे द्या' अशी सूचना होते, तेव्हा शब्द तोच असतो, पण त्यातला काळ पार आटलेला असतो. हे ईश्वरज्ञानातल्या एखाद्या नव्या विचाराने झाले नाही. ते घडवले विमानाने आणि सुट्टीने. या दौऱ्यांचे गुण आणि बहुतेक दुखणीही तिथूनच येतात: दौरा पाठवणाऱ्याच्या सुट्टीवर बेततो, स्वागत करणाऱ्याच्या गरजेवर नाही.

अशा छोट्या दौऱ्यांच्या समर्थनासाठी बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या प्रवासांचा दाखला हमखास दिला जातो. पौल आणि त्याचा सोबती बर्णबा अंत्युखियाहून निघाले, कुप्र (सायप्रस) बेटावरून आशिया मायनरमध्ये गेले आणि परत आले, हे खरे. पण तोच पौल करिंथात दीड वर्ष राहिला आणि इफिसात दोन वर्षांहून अधिक. शिवाय ग्रीक तो बोलतच होता, दुभाष्या लागत नव्हता. दाखला द्यायचा तर पूर्ण द्यावा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत 'थोड्या दिवसांसाठी' जाण्याची कल्पनाच नव्हती. १८८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे विद्यार्थ्यांचे शिबिर झाले. तिथे शंभर तरुणांनी परदेशी मिशनरी होण्याची तयारी जाहीर केली आणि त्यातून स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट उभी राहिली. त्या तरुणांचा शब्द आयुष्यभरासाठी होता, उन्हाळ्यापुरता नव्हे. आजच्या दौऱ्याचा खरा पूर्वज दुसरीकडे सापडतो. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, स्विस शांततावादी पिएर सेरेसोल यांनी फ्रान्समध्ये व्हर्दनजवळच्या उद्ध्वस्त गावात निरनिराळ्या देशांतले स्वयंसेवक आणून श्रमशिबिर भरवले. परक्या देशात जायचे, हातांनी काम करायचे, एकत्र राहायचे आणि परतायचे, हा साचा तिथला. क्वेकर आणि मेनोनाइट या शांततावादी ख्रिस्ती पंथांच्या मदतकार्यातही तो रुजला. मिशनसंस्थांनी पुढे त्यात सुवार्ता (येशूचा संदेश) आणि साक्ष (स्वतःच्या विश्वासाचा अनुभव सांगणे) यांची भर घातली.

मग दहाएक वर्षांत सगळे एकदम जुळून आले. १९५७ मध्ये जॉर्ज व्हर्वर नावाचा कॉलेजविद्यार्थी दोन मित्रांबरोबर एका जुन्या ट्रकमध्ये स्पॅनिश ख्रिस्ती साहित्य भरून सुट्टीत मेक्सिकोला गेला. ऑपरेशन मोबिलायझेशन ही संस्था त्यातून निघाली. ऑक्टोबर १९५८ मध्ये पॅन ॲमने न्यूयॉर्क-पॅरिस मार्गावर बोइंग ७०७ सुरू केले आणि अटलांटिक काही तासांवर आला. १९६० मध्ये लॉरेन कनिंगहॅम यांनी यूथ विथ अ मिशन ही संस्था स्थापन केली. पाळकाचे (चर्चच्या धर्मोपदेशकाचे) प्रशिक्षण किंवा पदवी नसलेल्या तरुणांनाही थोड्या मुदतीसाठी पाठवायचे, ही त्यांची कल्पना तेव्हाच्या मिशनबोर्डांना (मिशनरी पाठवणाऱ्या संस्थांना) पोरकट वाटली होती. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी दीडशेच्या आसपास तरुण बहामा बेटांवर आणि डोमिनिकन प्रजासत्ताकात नेले. दरम्यान १९६१ मध्ये केनेडी सरकारने पीस कोअर ही स्वयंसेवकांना परदेशी पाठवणारी संस्था काढली आणि परदेशी सेवेला तरुणांमध्ये प्रतिष्ठा आली. पीस कोअरची मुदत मात्र दोन वर्षांची होती, वर काही आठवड्यांचे भाषाप्रशिक्षण. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाने १९६५ मध्ये पदवीधरांसाठी 'जर्नीमन' योजना काढली तीही दोन वर्षांचीच. दोन वर्षांचे दोन महिने आणि दोन महिन्यांचे दहा दिवस झाले ते पुढे, जंबो जेट आल्यावर आणि १९७८ मध्ये अमेरिकी विमानभाड्यांवरचे सरकारी नियंत्रण उठल्यावर. २००५ च्या सुमारास फक्त अमेरिकी मंडळ्यांमधून वर्षाला सुमारे सोळा लाख प्रौढ असे परदेशी जात होते, असा समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाव यांचा अंदाज आहे.

दहा दिवसांचा हिशोब एकदा मांडून पाहावा. जाण्यायेण्यात तीन दिवस जातात, एक दिवस झोपेचे घड्याळ जुळवण्यात, एक रविवार. हाती उरतात पाच. बांधकामाचा दौरा असेल तर काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारावे लागते, म्हणजे पाया आणि भिंत एकाच दौऱ्यात होत नाही. यातून मार्ग एकच: पाया स्थानिक गवंड्यांनी महिनाभर आधी घालून ठेवायचा आणि पाहुण्यांना विटा वाहणे, माल कालवणे, रंग देणे अशी न बिघडणारी कामे द्यायची. हौशी हाताने रचलेली भिंत ओळंब्यात नसते आणि पाहुणे गेल्यावर ती पाडून बांधण्याचा खर्च यजमान मंडळीच्या माथी बसतो. बोलण्याचेही तसेच. दुभाष्यामार्फत वीस मिनिटांचे प्रवचन चाळीस मिनिटे चालते. विनोद तर भाषांतरात हमखास मरतो. वाक्य पूर्ण करूनच थांबावे. अर्ध्यावर थांबले की क्रियापद कुठे ठेवायचे ते दुभाष्याला कळत नाही.

पैशाचीही परंपरा आहे. हडसन टेलर यांनी १८६५ मध्ये चायना इनलँड मिशन काढली, तेव्हा माणसांकडे पैसे मागायचे नाहीत आणि ठरलेला पगार द्यायचा नाही, हा नियम होता. 'विश्वासावर चालणारे मिशन' ते हेच. त्यातले पगार नसणे टिकले, न मागणे गळून पडले. आजचा उमेदवार नातेवाईक आणि मंडळीतल्या लोकांना पत्र लिहून वर्गणी गोळा करतो. इथे एक गफलत नेहमी होते. देणगी माणसाला नसते, संस्थेला असते. अमेरिकेत तर रकमेवर संस्थेचा पूर्ण ताबा असेल तरच देणगीदाराला करसवलत मिळते. म्हणून दौरा रद्द झाला की पैसे सहसा परत येत नाहीत. हे पत्रातच लिहावे, नंतर सांगितले की भांडण होते.

टीका उशिरा सुरू झाली असे समजायचे कारण नाही. उन्हाळ्यात मेक्सिकोला सेवेसाठी निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांना इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूने एप्रिल १९६८ मध्येच तोंडावर सुनावले होते: बघायला या, डोंगर चढायला या, शिकायला या, मदत करायला येऊ नका. १९७१ मध्ये केनियातील प्रेस्बिटेरियन चर्चचे पुढारी जॉन गाटू यांनी पाश्चात्त्य मिशनरी आणि त्यांचा पैसा काही वर्षे थांबवावा, अशी मागणी केली. तिचा रोख दीर्घकालीन मिशनवर होता, तरी मुद्दा इथेही लागू पडतो: यजमान स्वतःच्या पायावर कधी उभे राहणार?

मोजमाप मात्र बऱ्याच काळाने झाले. १९९८ मध्ये मिच चक्रीवादळाने होंडुरास उद्ध्वस्त केले. नंतर काही घरे परदेशी गटांनी बांधली, काही स्थानिक ख्रिस्ती संस्थांनी. कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञाने दोन्ही घरांतल्या कुटुंबांची तुलना करून २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. राहणाऱ्यांच्या आयुष्यात फरक आढळला नाही. एका घराचा खर्च सुमारे २,००० डॉलर होता, तर ते बांधायला येणाऱ्या गटाचा प्रवासासह खर्च सुमारे ३०,०००. त्याहून बोचरी गोष्ट म्हणजे, दौऱ्याने माणूस बदलतो असे म्हणतात, पण सहभागी लोकांच्या पुढच्या दानधर्मात टिकाऊ बदल फारसा दिसला नाही.

वैद्यकीय दौऱ्यांची चूक वेगळ्या जातीची. उरलेली, मुदत संपत आलेली औषधे बॅगेत भरून नेण्याची सवय इतकी बोकाळली होती की जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये औषधदानाचे नियम काढले. पोहोचताना औषधाची किमान एक वर्ष मुदत शिल्लक हवी, हा त्यातला महत्त्वाचा नियम. रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभर देऊन निघून जाणे तर धोक्याचेच: गोळ्या एकाएकी बंद झाल्या की दाब पुन्हा चढतो आणि रुग्णाला वाटते आपण बरे झालो होतो. गावातल्या दवाखान्यात मिळणारे औषधच लिहावे, आणि डॉक्टरांनी त्या देशाची तात्पुरती नोंदणी आधी घ्यावी.

मुलांबाबतचे नियम सगळ्यात महाग पडून शिकले गेले. जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर हैतीमध्ये दहा अमेरिकी नागरिक ३३ मुलांना सीमेपार डोमिनिकन प्रजासत्ताकात नेताना पकडले गेले. मुले अनाथ समजून नेली जात होती, पण बहुतेकांचे आईवडील हयात होते. अनाथाश्रमभेटींचेही तेच: पाहुणे आणि देणग्या येत राहिल्या की आश्रम भरलेला ठेवण्यासाठी गरीब घरांतली मुले आणली जातात. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव करून या पर्यटनाच्या हानीची दखल घेतली. आता जबाबदार संस्था पूर्वचारित्र्याची तपासणी करतात, एकट्या मोठ्या माणसाला मुलाबरोबर बंद खोलीत राहू देत नाहीत आणि मुलांचे फोटो परवानगीशिवाय घेऊ देत नाहीत.

सुरक्षेचा धडा कोरियाचा. जुलै २००७ मध्ये दक्षिण कोरियाच्या एका मंडळीचा २३ जणांचा गट अफगाणिस्तानात बसने जात असताना तालिबानने पकडला. दोघांना ठार केले, बाकीचे ऑगस्टअखेरपर्यंत सुटले. सुटकेच्या अटींमध्ये कोरियन मिशनरी कार्य थांबवणे हीही अट होती, म्हणजे दहा दिवसांसाठी आलेल्यांची किंमत वर्षानुवर्षे तिथे काम करणाऱ्यांनी मोजली. व्हिसाचे गणितही असेच दुसऱ्यांवर उलटते. पर्यटक व्हिसावर प्रवचन केले तर पाहुण्याची परत पाठवणी होते, पण चौकशी यजमान पाळकाची होते. भारतात मिशनरी कामासाठी व्हिसाचा वेगळा प्रकार आहे. नेपाळमध्ये ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेनुसार धर्मांतर घडवण्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि परदेशी माणसाला शिक्षा भोगल्यावर सात दिवसांत देशाबाहेर काढतात.

आरोग्याची तयारी कॅलेंडरवर उलटी मोजावी. पीतज्वराच्या लसीचा दाखला टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात. ११ जुलै २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो, पूर्वी दहा वर्षेच चाले. हिवताप टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन ही गोळी असेल तर निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर चार आठवडे घ्यावी लागते. घरी आल्यावर गोळ्या सोडून देणारे बरेच, आणि ताप नेमका तेव्हाच येतो. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी असावी.

या सगळ्या ठेचांमधून २००३ मध्ये अमेरिकेत सात मापदंडांची एक संहिता तयार झाली. परस्परांनी मिळून आखलेला दौरा, योग्य प्रशिक्षण, सक्षम नेतृत्व, नीटनेटका कारभार वगैरे त्यात आहे. कागदावर हे सोपे आहे. प्रत्यक्षात कस लागतो तो यजमान मंडळीचे लेखी निमंत्रण वर्षभर आधी आले का, आणि त्यांना 'यंदा नको' म्हणायची मोकळीक होती का, इथे. सातवा मापदंड पाठपुराव्याचा, आणि तोच सर्वांत जास्त बुडतो. पौल-बर्णबा अंत्युखियास परतले तेव्हा त्यांनी मंडळी जमवून काय घडले ते सांगितले आणि पुष्कळ दिवस तिथेच राहिले. आजच्या अंदाजपत्रकातली शेवटची ओळ बहुधा परतीच्या विमानाची असते. परतल्यावरच्या बैठका, यजमानांना पाठवायचा हिशोब आणि सहा महिन्यांनी त्यांच्याकडून मागवायचे मत यांसाठी वेळ आणि रक्कम आधीच बाजूला काढली नसेल, तर हे काम राहून जाते.