शनिवार तळघरात राहतो तो वाडा

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात एका टेकडीवर माँटिसेलो नावाचा वाडा आहे. दारातून आत शिरलं की भिंतीवर मोठं घड्याळ दिसतं. दोराला लटकलेले त्याचे लोखंडी गोळे आठवडाभर हळूहळू खाली सरकतात आणि भिंतीवरच्या पाट्यांवरून आजचा वार कळतो. भिंतीची उंची मात्र आठवड्याला पुरली नाही! मग जमिनीला भोकं पाडली. शनिवार आजही तळघरात आहे.

हा खटाटोप पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनचा. व्हर्जिनिया अजून ब्रिटिशांची वसाहत होती तेव्हा, १७६९ मध्ये, त्याने स्वतःच्या आराखड्याप्रमाणे बांधकाम सुरू केलं. पुढे तो पॅरिसला राहून आला आणि अर्धंअधिक घर पाडून घुमटासह नव्याने उभारलं. काम १८०९ पर्यंत चाललं. मोजण्याचं तर त्याला वेडच होतं. ४ जुलै १७७६ रोजी, स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला त्या दिवशीही, दुपारी एकचं तापमान ७६ अंश फॅरनहाइट असल्याचं त्याने टिपून ठेवलं. ‘सर्व माणसं समान आहेत’ हे त्याच जाहीरनाम्यातलं, आणि तेही त्याच्याच हातचं.

जेवणघरात शेकोटीच्या दोन्ही बाजूंना लहान कपाटं आहेत. तळघरातून कोणीतरी बाटली ठेवायची, दोर ओढला की ती वर येते. ताटांसाठी फळ्या लावलेलं फिरतं दारही आहे. ही यंत्रं हुशारीची खरी, पण त्यांचा एक परिणाम असा की वाढणारा माणूस पाहुण्यांच्या नजरेला फारसा पडत नाही. तो माणूस गुलाम होता. जेफरसनच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते. घराच्या विटाही तिथल्याच मातीच्या. ओल्या असताना उमटलेले बोटांचे ठसे, काही लहान मुलांचेही, अजून काही विटांवर दिसतात.

त्या गुलामांपैकी एक सॅली हेमिंग्ज. तिचा मुलगा मॅडिसन याने १८७३ मध्ये एका वर्तमानपत्राला सांगितलं की आम्हा भावंडांचा बाप जेफरसनच. बहुतेक इतिहासकारांनी ते कानाआड केलं. नातवंडांनी तर जेफरसनच्या भाच्यांकडे, म्हणजे कार बंधूंकडे, बोट दाखवलं होतं.

हा वाद १९९८ मध्ये प्रयोगशाळेत गेला. वाय गुणसूत्र, म्हणजे पेशीतला फक्त पुरुषांत असणारा आनुवंशिक धागा, बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं, आपल्याकडच्या आडनावासारखं. जेफरसनला लग्नाच्या बायकोपासून झालेल्या मुलांपैकी मुलीच तेवढ्या मोठ्या झाल्या, त्यामुळे त्याच्या काकाच्या पुरुषवंशातल्या पाच जणांचं रक्त घेतलं. सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन याच्या वंशजाचं गुणसूत्र त्यांच्याशी जुळलं, कार घराण्याशी जुळलं नाही. हा नमुना इतका दुर्मीळ की योगायोग म्हणणं कठीण.

पण गुणसूत्र फक्त घराणं सांगतं, व्यक्ती नाही. बाप जेफरसनचा भाऊ किंवा पुतण्याही असू शकला असता. इथे जेफरसनची टिपणं ठेवण्याची सवय उपयोगी पडली: सॅलीच्या प्रत्येक गर्भधारणेच्या काळात तो माँटिसेलोतच होता, हे त्याच्याच कागदपत्रांतून निघतं. आज बहुतेक अभ्यासक मॅडिसनचं म्हणणं खरं मानतात.

वाड्याच्या दक्षिणेकडच्या भागात सॅलीची खोली असावी असं मानतात. उत्खननात तिथली जुनी विटांची जमीन आणि चूल सापडली. त्या जागी १९४१ पासून पर्यटकांसाठी स्वच्छतागृह होतं.