पाळकीय निगा व समुपदेशन (पदव्युत्तर शिक्षण)

आजार, मृत्यू, व्यसन, घरातला कलह किंवा डळमळलेली श्रद्धा अशा प्रसंगी माणसाला सोबत कशी द्यावी, त्याचे कसे ऐकावे आणि कुठे थांबून त्याला दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवावे, याचे ख्रिस्ती पाळकांना व धर्मसेवकांना दिले जाणारे प्रगत शिक्षण. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत (म्हणजे चर्चच्या समुदायांत) ते बी.डी. या धर्मशास्त्राच्या पहिल्या पदवीनंतरच्या एम.टीएच. या पदव्युत्तर पदवीत, ख्रिस्ती सेवाकार्य या शाखेखाली येते. त्यात मानसशास्त्र भरपूर असते, पण ही मानसशास्त्राची पदवी नव्हे. बहुतेक गोंधळ हा फरक विसरल्याने होतात.

भारतातील प्रॉटेस्टंट सेमिनऱ्यांपैकी (पाळक घडवणाऱ्या धर्मविद्यालयांपैकी) बऱ्याच सिनेट ऑफ सेरामपूर कॉलेज या पदव्या देणाऱ्या मंडळाशी संलग्न आहेत. हे कॉलेज १८१८ सालचे. डेन्मार्कच्या राजाने १८२७ मध्ये त्याला पदव्या देण्याची सनद दिली आणि १९१८ च्या कायद्याने आजची व्यवस्था उभी राहिली. पदवीधराला बी.डी.साठी साधारण चार वर्षे लागतात, एम.टीएच.ला दोन : आधी विषयांचे पेपर, मग प्रबंध. मुंबईतले मराठी उमेदवार बी.डी.साठी बहुधा पुण्याची वाट धरतात. तिथे युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी ऑफ महाराष्ट्र आहे, तसेच १९५३ मध्ये यवतमाळला सुरू होऊन १९८३ मध्ये पुण्यात आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. पुढे समुपदेशनाची शाखा घ्यायची तर बंगळूरचे युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज हा जुना पर्याय. कॅथलिक पंथात मार्ग वेगळा आहे. मुंबई महाधर्मप्रांताचे धर्मगुरू गोरेगावच्या सेंट पायस कॉलेजात घडतात. या कामात पुढे जायचे असेल तर मानसशास्त्राची किंवा समुपदेशनाची स्वतंत्र पदवी घेतात.

वर्गातला अभ्यास ठरलेला असतो : व्यक्तिमत्त्वाचे सिद्धांत, कुटुंबव्यवस्था, शोक, व्यसनमुक्ती, विवाहपूर्व मार्गदर्शन, संशोधनपद्धती. पाळकीय निगेची कामे म्हणून बरे करणे, धीर देणे, वाट दाखवणे आणि समेट घडवणे अशी चौकडी शिकवली जाते. पहिली तीन सिवर्ड हिल्टनर या अमेरिकन अभ्यासकाची. चौथे क्लेब्श आणि जेकल या लेखकांनी १९६४ मध्ये जोडले. ऐकण्याची पद्धत मुख्यतः मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सकडून आलेली आहे. ही सगळी चौकट अमेरिकन आहे आणि तिथे ठरलेल्या वेळी, एकटा, बंद खोलीत बसणारा माणूस गृहीत धरलेला आहे. भायखळ्याच्या चाळीत किंवा वसईच्या वाडीत असा माणूस क्वचितच भेटतो. सुनेबरोबर सासू येते, मुलाबरोबर मामा येतो. त्यामुळे बसायची जागा हाही अभ्यासाचाच भाग ठरतो. येणारे-जाणारे पाहू शकतील पण बोलणे त्यांच्या कानावर पडणार नाही, अशी जागा शोधायची. चर्चचा मागचा बाक किंवा दार उघडे ठेवलेली वेस्ट्री (चर्चमधली पाळकाची खोली) चालते. दहा बाय बाराच्या खोलीत, टीव्हीचा आवाज वाढवून केलेले समुपदेशन बहुधा वाया जाते.

या शिक्षणाचा कणा म्हणजे प्रत्यक्ष रुग्णसेवेतले प्रशिक्षण. अँटन बॉयसन या अमेरिकन पाळकाने ते १९२५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर येथील मनोरुग्णालयात सुरू केले. तो स्वतः काही वर्षांपूर्वी मनोरुग्ण म्हणून दाखल झालेला होता. पुस्तके वाचतो तशीच माणसेही ‘जिवंत दस्तऐवज’ म्हणून वाचावीत, हे त्याचे म्हणणे. अमेरिकेत अशा प्रशिक्षणाचे एक युनिट ४०० तासांचे असते. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा चॅप्लिन (रुग्णालयातील धर्मसेवक) विभाग यासाठी ओळखला जातो.

प्रशिक्षणाचे मुख्य साधन म्हणजे व्हर्बेटिम, अर्थात भेटीची शब्दशः नोंद. भेट पंधरा-वीस मिनिटांची. नोंद त्याच दिवशी, आठवणीतून. रुग्णासमोर वही उघडायची नाही, मोबाइलवर रेकॉर्डिंग तर मुळीच नाही. नाव बदलायचे. आधी पार्श्वभूमी लिहायची : वॉर्ड, वय, आजार, आपल्याला काय माहीत होते. मग क्रमांक घालून संवाद, कंसात हावभाव आणि शांतता. शेवटी विश्लेषण : रुग्णाची भावना, घरची परिस्थिती, श्रद्धेचा प्रश्न आणि विद्यार्थ्याच्या स्वतःच्या मनात काय झाले. ही नोंद पाच-सहा जणांच्या गटात सुपरव्हायझरसमोर वाचली जाते. नमुन्यादाखल (रु म्हणजे रुग्ण, वि म्हणजे विद्यार्थी) :

रु ३ : डॉक्टर म्हणाले, आता किमो थांबवू या.
वि ३ : काळजी करू नका मावशी, देव सगळं नीट करील. प्रार्थना करू या का?
रु ४ : (खिडकीकडे बघत) करा ना, बाळा.

गट वि ३ वर थांबतो. मावशींनी मरणाचे दार किलकिले केले होते, विद्यार्थ्याने ते लावून घेतले. प्रार्थना त्याच्या स्वतःच्या अस्वस्थतेवरचा उतारा होती. ‘थांबवू म्हणाले... मग तुमच्या मनात काय आलं?’ एवढे विचारून गप्प बसला असता, तर प्रार्थनेत काय मागायचे ते मावशींनीच सांगितले असते. बायबलमधले धीर देणारे स्तोत्र २३ सर्वांना पाठ असते, पण अंधारातच संपणारे स्तोत्र ८८ कुणापुढे वाचावे हे कळायला वेळ लागतो. नवशिके नोंदीत स्वतःची वाक्ये नंतर सुधारून लिहितात, ही सर्रास आढळणारी लबाडी. रुग्णाचे उत्तर मग आधीच्या वाक्याशी जुळत नाही आणि मुरलेला सुपरव्हायझर ती लगेच पकडतो.

परळच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी देशभरातून, सर्व धर्मांचे रुग्ण येतात. अशा वॉर्डात रुग्णालयाची परवानगी आणि रुग्णाची इच्छा या दोन्हींशिवाय जायचे नाही. पत्रके वाटायची नाहीत, न मागता प्रार्थना करायची नाही. हा नियम मोडला की विद्यार्थ्याबरोबर चॅप्लिनसेवेचेही दार बंद होते.

गुप्ततेबाबत तर पहिल्याच भेटीत स्पष्ट बोलावे लागते. ‘हे कुणालाच सांगणार नाही’ असे सरसकट वचन देऊ नये. बालकाच्या लैंगिक शोषणाची माहिती पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ ने बंधनकारक आहे. आरोपी मंडळीचा मानकरी असला तरी. कॅथलिक धर्मगुरूंसाठी पापनिवेदनाची मोहर, म्हणजे त्यात ऐकलेल्याची गुप्तता, चर्चच्या कायद्याने अभंग असते, म्हणून समुपदेशन आणि पापनिवेदन एकाच बैठकीत मिसळू नये, वेळ आणि जागा वेगळी ठेवावी, असे शिकवले जाते.

सर्वांत जास्त नुकसान घरगुती हिंसेच्या प्रकरणांत होते. ‘सहन कर, हा तुझा वधस्तंभ आहे’ हा सल्ला आजही दिला जातो आणि तो घातक आहे. मारहाण चालू असताना नवरा-बायकोला एकत्र बसवणेही चूक : ती तिथे जे बोलते त्याची किंमत तिला घरी मोजावी लागते. आधी तिची सुरक्षितता, मग घरगुती हिंसेविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखालील संरक्षण अधिकारी, समेटाचे नंतर बघावे. विवाहाच्या बाबतीत आणखी एक गफलत नेहमीची. चर्चच्या न्यायासनाने विवाह शून्य ठरवला म्हणजे घटस्फोट झाला, असा समज असतो. दिवाणी न्यायालयाच्या निकालाशिवाय पुनर्विवाह कायदेशीर ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९९६ मध्ये स्पष्ट केले आहे.

आवाज ऐकू येणे, अनेक रात्री झोप नसणे, फिट येणे, आत्महत्येची भाषा ही पाळकाने एकट्याने हाताळण्याची कामे नव्हेत. सुटकेच्या प्रार्थनेनंतर (दुष्ट आत्म्यापासून मुक्तीसाठी केलेल्या प्रार्थनेनंतर) गोळ्या बंद करायला सांगितल्याने आजार उलटतो. केईएम, नायर, शीव या पालिका रुग्णालयांत मानसोपचार ओपीडी आहे आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी मदत-क्रमांक आहे. पाठवताना नुसती चिठ्ठी देऊन भागत नाही. पहिल्या खेपेला सोबत जाणे आणि पुढेही भेटत राहणे अपेक्षित असते, नाहीतर देवाच्या माणसानेही हात झटकले असे रुग्णाला वाटते.

एम.टीएच. झालेली व्यक्ती स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवू शकत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले शिक्षण व नोंदणी लागते. रुग्णालयांत पगारी चॅप्लिनच्या जागा थोड्या असल्याने बहुतेक जण मंडळीत परततात किंवा सेमिनरीत शिकवतात. मंडळीत परतणाऱ्याची अडचण अशी की काल ज्याचे दुःख ऐकले तोच आज पंचकमिटीत (मंडळीच्या कारभारी समितीत) समोर बसलेला असतो. अशा वेळी ती केस शेजारच्या मंडळीतील प्रशिक्षित पाळकाकडे सोपवण्याची पद्धत आहे.